ड्रॅगनांचा पहिला कमांडर डेक कसा बांधायचा

'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळायला लागलेला माणूस कधी ना कधी ड्रॅगनांकडे वळतोच. १९९३ साली या खेळाचा अगदी पहिला संच आला, त्यातही शिवन ड्रॅगन होता: किंमत सहा माना (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती), ५/५ चं अंग (पहिला आकडा मारायची ताकद, दुसरा सोसायची, म्हणजे टफनेस), उडणारा, आणि वर लाल माना ओतत जाल तशी ताकद वाढत जाणारा. आजच्या कार्डांपुढे तो साधारणच वाटतो, पण टेबलावर उतरला की अजूनही समोरचे जरा सरसावून बसतात.

नवख्या माणसाचा ड्रॅगन डेक, म्हणजे खेळायला घ्यायचा कार्डांचा गठ्ठा, बहुतेकदा याच ओढीपायी फसतो. मिळतील तेवढे ड्रॅगन कोंबायचे, उरलेल्या जागेत लँड, म्हणजे माना देणारी कार्डं, भरायच्या, आणि मग सातव्या टर्नपर्यंत हातात पाच ड्रॅगन धरून बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे मानाचं तेच आहे. ड्रॅगन डेक हा मुळात माना जमवायचा डेक, ड्रॅगन त्याच्या शेवटी येतात. खालच्या सगळ्या पायऱ्या हे डोक्यात धरूनच लिहिल्या आहेत.

फॉरमॅट: कमांडरच का

कमांडर या फॉरमॅटमध्ये, म्हणजे खेळाच्या या प्रकारात, डेक बरोबर १०० कार्डांचा. त्यातलं एक लेजेंडरी क्रीचर (कार्डावर 'लेजेंडरी' छापलेला, लढणारा जीव) म्हणजे तुमचा कमांडर. तो डेकमध्ये पिसला जात नाही, बाजूला कमांड झोनमध्ये बसतो आणि माना असतील तेव्हा तिथून खेळता येतो. तो मेला की परत कमांड झोनमध्ये नेता येतो, फक्त दर पुढच्या वेळी दोन माना जास्त मोजाव्या लागतात. बेसिक लँड (जंगल हिरवी माना देतं, डोंगर लाल, अशा साध्या लँड) सोडल्या तर कुठल्याही कार्डाची एकच प्रत. सुरुवात ४० लाइफने, आणि सहसा चार जण एका टेबलावर. एकाच कमांडरने एखाद्याला लढाईत एकूण २१ डॅमेज दिलं की लाइफ कितीही उरलेली असो, तो बाद.

४० लाइफ आणि चार माणसं म्हणजे डाव लांबतो, आणि लांबलेला डाव महागड्या ड्रॅगनांना मानवतो. साठ कार्डांच्या झटपट फॉरमॅटमध्ये सहा मानाचा ड्रॅगन उतरेपर्यंत डाव संपलेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे हा फॉरमॅटच मुळात ड्रॅगनांचा आहे. १९९४ च्या 'लेजेंड्स' संचात निकोल बोलास, आर्केड्स सॅबोथ, क्रोमियम, पॅलाडिया-मॉर्स आणि व्हीव्हिक्टस अस्माडी असे पाच एल्डर ड्रॅगन होते. खेळाडूंनी घरगुती नियम करून त्यांनाच सेनापती बनवलं आणि खेळाला नाव दिलं 'एल्डर ड्रॅगन हायलँडर'. विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०११ मध्ये तयार डेक काढले तेव्हा त्याचं 'कमांडर' झालं. जुने खेळाडू अजूनही ईडीएच म्हणतात.

पहिली पायरी: कमांडर निवडा, आणि द उर-ड्रॅगन तूर्तास ठेवून द्या

शोधायला बसलात की सगळ्यात आधी द उर-ड्रॅगनच समोर येईल. पाचही रंग, १०/१०, आणि कमांड झोनमध्ये नुसता बसून राहिला तरी तुमचे बाकीचे ड्रॅगन एक मानाने स्वस्त. २०१७ च्या 'ड्रॅकॉनिक डॉमिनेशन' या तयार डेकचा तो कमांडर. जबरदस्त कार्ड आहे, यात वाद नाही. पण पाच रंगांचा डेक नीट चालवायचा तर लँडवरच भरपूर खर्च होतो. स्वस्तातल्या पाचरंगी लँड बहुतेक टॅप होऊन (आडव्या, त्या टर्नला न वापरता येणाऱ्या) उतरतात, म्हणजे आधीच संथ असलेला डेक आणखी संथ. शिवाय हातात निळा ड्रॅगन, समोर तीन डोंगर, हे दुखणं कायमचं.

मिरीम, सेंटिनेल वर्म हा २०२२ चा कमांडर हिरवा, निळा आणि लाल. तुमचा दुसरा कुठलाही, टोकन (डेकमधलं कार्ड नव्हे, खेळात तयार झालेला जीव) नसलेला ड्रॅगन उतरला की त्याची एक नक्कल फुकट मिळते. हा डेक इतका तगडा होतो की टेबलावरचे तिघे पहिल्यापासून तुमच्याच मागे लागतात. लॅथलिस, ड्रॅगन क्वीन निव्वळ लाल: दुसरा टोकन नसलेला ड्रॅगन उतरला की ५/५ चा उडता ड्रॅगन टोकन. लँडचा खर्च जवळजवळ शून्य, सगळे डोंगरच. पण हिरवा रंग नाही, त्यामुळे माना वाढवायला मुख्यतः आर्टिफॅक्टवर, म्हणजे वस्तूंच्या कार्डांवर, भिस्त.

पहिल्या डेकसाठी माझी पसंती अटार्का, वर्ल्ड रेंडरला. लाल-हिरवी, सात माना, ६/४, उडते, ट्रॅम्पल आहे (अडवणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला जातं), आणि तुमचा कुठलाही ड्रॅगन हल्ला करायला निघाला की त्याला डबल स्ट्राइक मिळतो, म्हणजे तो दोनदा डॅमेज देतो. तिला स्वतःलाही. म्हणजे सहा दुणे बारा. दोनदा लागली की चोवीस, आणि बाद करायला एकवीसच लागतात. दोनच रंग असल्याने लँड स्वस्त, आणि माना वाढवणारा हिरवा रंग हाताशी. टफनेस फक्त चार असल्याने ती लवकर मरते, हा दोष आहेच. 'ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन' या नवख्यांसाठीच्या तयार डेकमध्ये तीच कमांडर आहे, त्यामुळे तो डेक मिळाला तर तिथून सुरुवात करून कार्डं बदलत गेलात तरी चालेल.

रंगांचा एक नियम इथेच लक्षात ठेवा. कमांडरच्या कार्डावर जे रंग आहेत त्याबाहेरचं मानाचिन्ह डेकमधल्या कुठल्याच कार्डावर नको, किमतीतही नको आणि मजकुरातही नको.

दुसरी पायरी: ९९ जागांची वाटणी

कमांडर सोडून ९९ कार्डं उरतात. मी अशी वाटणी धरतो: ३७ लँड, १३ रॅम्प म्हणजे माना वाढवणारी किंवा ड्रॅगन स्वस्त करणारी कार्डं, ९ कार्ड ओढायची, ८ रिमूव्हल (समोरच्याची कार्डं टेबलावरून काढणारी), ६ हेस्ट (उतरल्या टर्नलाच हल्ला करू देणारी) आणि संरक्षणाची, २२ ड्रॅगन. झाली ९५. उरलेल्या चार जागा तुमच्या लाडक्या कार्डांना.

फक्त २२ ड्रॅगन बघून वाईट वाटेल. पण सात कार्डांच्या पहिल्या हातात २२ मधले सरासरी दीड येतात, आणि सुरुवातीला त्याहून जास्त ड्रॅगन हातात असणं म्हणजे अडचणच. कमांडर हा तेविसावा ड्रॅगन, आणि तो कायम उपलब्ध.

तिसरी पायरी: माना

इथे जरा रेंगाळू या, कारण डेक जिंकणार की नुसता सजून बसणार हे इथे ठरतं.

दोन मानाची रॅम्प कार्डं दुसऱ्याच टर्नला हवीत. चार जणांच्या डावात पहिला खेळाडूही पहिल्या टर्नला कार्ड ओढतो, म्हणजे दुसऱ्या टर्नपर्यंत तुम्ही नऊ कार्डं पाहिलेली असतात. डेकमध्ये अशी कार्डं १० असतील तर त्या नवात किमान एक असण्याची शक्यता ६३ टक्के. १४ असतील तर ७६. तीन-चार कार्डांनी एवढा फरक पडतो, म्हणून तेरातली बहुतेक दोन मानाचीच घ्या.

रॅम्पंट ग्रोथ, फारसीक, नेचर्स लोअर, थ्री व्हिजिट्स, साकुरा-ट्राइब एल्डर, आर्केन सिग्नेट, ग्रूल सिग्नेट. फारसीकने जंगल आणता येत नाही, डोंगर आणता येतो. नेचर्स लोअरचं उलट, ते जंगलच आणतं, पण टॅप न होता उतरवतं, म्हणजे लगेच वापरता येतं. तीन मानात कल्टिवेट आणि कोडामाज रीच: एक लँड टेबलावर, एक हातात. माना देणारी सोल रिंग तर प्रत्येक डेकमध्ये असतेच, त्यावर वेगळं काय लिहायचं.

आता हिशेब बघा. दर टर्नला एक लँड पडते असं धरा. दुसऱ्या टर्नला रॅम्पंट ग्रोथ, म्हणजे तिसऱ्याला चार माना. त्यातून कल्टिवेट, म्हणजे चौथ्याला सहा. सहात लॅथलिस किंवा सॅव्हेज व्हेंटमॉ बसतो. पाचव्याला सात माना, अटार्का मैदानात. यातलं काहीच न करता नुसत्या लँड टाकत राहिलात तर अटार्का सातव्या टर्नला, तेही मध्ये एकही लँड चुकली नाही तर.

ड्रॅगन स्वस्त करणारी दोन छोटी क्रीचर आहेत: ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट एक मानाने, ड्रॅगनस्पीकर शामन दोनने. सवलत फक्त रंगहीन भागात मिळते, हे विसरू नका. शिवन ड्रॅगन चार आणि दोन लालचा, शामन असला की दोन आणि दोन लालचा होतो. स्कर्ज ऑफ व्हाल्कस दोन आणि तीन लालचा, त्याचे तीन लाल द्यावेच लागतात. शिवाय ही क्रीचर पहिल्या बोर्ड वाइपमध्ये (सगळी क्रीचर एकदम साफ करणाऱ्या कार्डात) जातात, लँड मात्र राहतात. म्हणून या दोघांवर सगळं अवलंबून ठेवू नका. ड्रॅगन्स होर्ड हे तीन मानाचं आर्टिफॅक्ट यांच्यापेक्षा टिकाऊ. कुठल्याही रंगाची एक माना देतं, प्रत्येक ड्रॅगनमागे एक सोन्याचा काउंटर, म्हणजे खुणेचा ठोकळा, साठवतं, आणि तो काढून कार्ड ओढता येतं.

लँड निवडताना एक फसवं गणित असतं. डेकमधले बहुतेक ड्रॅगन लाल, म्हणून डोंगर दुप्पट घालावेसे वाटतात. पण हिरवी माना दुसऱ्या टर्नला हवी असते, लाल जोडी चौथ्या-पाचव्याला. तोपर्यंत रॅम्पंट ग्रोथने डोंगर आणता येतो, पण रॅम्पंट ग्रोथ खेळायलाच हिरवं नसेल तर सगळंच अडलं. म्हणून जंगलं आणि डोंगर जवळजवळ सारखे, एक-दोन डोंगर जास्त. बाकी कमांड टॉवर, पाथ ऑफ अँसेस्ट्री, रूटबाउंड क्रॅग, सिंडर ग्लेड, आणि हेवन ऑफ द स्पिरिट ड्रॅगन. ही शेवटची लँड ड्रॅगनसाठी कुठल्याही रंगाची माना देते, आणि उशिरा डावात दोन माना देऊन तिचा बळी दिला की ग्रेव्हयार्डमधला (मेलेल्या, वापरून झालेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातला) एक ड्रॅगन हातात परत येतो. टॅप होऊन येणाऱ्या लँड सहा-सातच्या वर जाऊ देऊ नका.

चौथी पायरी: ड्रॅगन

किमतीनुसार वाटा. चार मानाचे चार-पाच, पाचचे सहा-सात, सहाचे तितकेच, आणि सात किंवा वरचे चार-पाच. आठ मानाचे एक-दोन पुरेत.

चारात थंडरब्रेक रीजंट सर्वांत आधी घ्या. ४/४, उडतो, आणि तुमच्या कुठल्याही ड्रॅगनवर समोरच्याने एखाद्या कार्डाचा नेम धरला की त्याला तीन डॅमेज. एखादा रिमूव्हल तरीही होईल, पण फुकटात नाही. व्हेरिक्स ब्लेडविंगही चारात खेळता येतो, आणि पुढे सात माना झाल्या की त्याच कार्डातून दोन ड्रॅगन निघतात.

पाचात स्कर्ज ऑफ व्हाल्कस. तो किंवा दुसरा ड्रॅगन उतरला की तुमचे जितके ड्रॅगन तितकं डॅमेज, हवं तिथे. जोडीला दोन मानाचं ड्रॅगन टेंपेस्ट असेल तर तेही हेच करतं. तीन ड्रॅगन आधीच आहेत आणि चौथा आला, तर दोन्हीकडून चार-चार म्हणजे आठ डॅमेज, हल्ला न करताच. टेरर ऑफ द पीक्स आणि गोल्डस्पॅन ड्रॅगनही पाचातले. दोन्ही उत्तम, पण महाग. पहिल्या दिवशी ते नसले तरी काही अडत नाही.

सहात सॅव्हेज व्हेंटमॉ मला सगळ्यात आवडतो. अंग नुसतं ४/४, पण हल्ला केला की तीन लाल आणि तीन हिरव्या माना मिळतात आणि त्या टर्न संपेपर्यंत टिकतात. म्हणजे लढाई संपल्यावर दुसऱ्या मेन फेजमध्ये, म्हणजे कार्डं खेळायच्या पुढच्या टप्प्यात, त्याच मानातून आणखी एक ड्रॅगन उतरवायचा. लॅथलिस इथे कमांडर नसली तरी ९९ मध्ये हवीच.

वरच्या टोकाला ड्रॅगनलॉर्ड अटार्का: ८/८, आणि उतरतानाच समोरच्यांच्या क्रीचर आणि प्लेन्सवॉकरमध्ये (जादूगारांच्या कार्डांमध्ये) पाच डॅमेज वाटून देते. ही कमांडरच्या नावाची असली तरी कार्ड वेगळं आहे, दोन्ही एका डेकमध्ये चालतात. ड्राकुसेथ, मॉ ऑफ फ्लेम्स हल्ला करताना एका ठिकाणी चार आणि आणखी दोन ठिकाणी तीन-तीन डॅमेज देतो. आणि आठ मानाचा उटवारा हेलकाइट: तुमचा प्रत्येक ड्रॅगन हल्ल्याला निघाला की एक ६/६ ड्रॅगन टोकन. तो आणि अटार्का दोघांनी एकदा हल्ला केला तरी दोन टोकन. पुढच्या टर्नला चार जण निघतात. तिथून टेबलावर फारसं कुणाचं काही चालत नाही.

नुसतं मोठं अंग आणि बाकी काही नाही, असे ड्रॅगन टाळा, चित्र कितीही सुंदर असलं तरी. प्रत्येक ड्रॅगनने उतरताना किंवा हल्ला करताना काहीतरी द्यावं, कारण समोरचा त्याला मारणारच आहे. शिवन ड्रॅगन ठेवायचा असेल तर त्या चार मोकळ्या जागांतून ठेवा. मी ठेवतो.

पाचवी पायरी: हेस्ट, कार्डं आणि रिमूव्हल

उतरलेलं क्रीचर त्याच टर्नला हल्ला करू शकत नाही, आणि तुमची पुढची पाळी येईपर्यंत तीन जणांच्या पाळ्या होतात. सात मानाचा ड्रॅगन नुसता बसून मार खातो तो या काळात. म्हणून हेस्ट. ड्रॅगन टेंपेस्ट, फायर्स ऑफ याव्हिमाया, ऱ्हिदम ऑफ द वाइल्ड, स्विफ्टफूट बूट्स, लाइटनिंग ग्रीव्ह्ज यांतली चार घ्या. झीनागोस, गॉड ऑफ रेव्हल्स हे पाच मानाचं कार्ड मिळालं तर सोडू नका. दर लढाईच्या सुरुवातीला दुसऱ्या एका क्रीचरला हेस्ट देतो आणि त्याच्या ताकदीइतकी ताकद वर चढवतो. अटार्का सहाची बारा होते, डबल स्ट्राइकने चोवीस. एक माणूस एकाच फटक्यात बाहेर. मित्रमंडळीत हे एका संध्याकाळी दोनदा केलंत तर तिसऱ्या डावात तुमच्याकडे कुणी दयेने बघणार नाही.

संरक्षणात हिरोइक इंटरव्हेन्शन. दोन माना राखून ठेवल्या की 'सगळी क्रीचर नष्ट' म्हणणारा बोर्ड वाइप तुमच्या ड्रॅगनांना लागत नाही. टॉक्सिक डेल्यूजसारखा टफनेसच उणे करणारा किंवा सगळं एक्झाइल करणारा (खेळातूनच बाहेर काढणारा) वाइप मात्र यानेही थांबत नाही.

कार्ड ओढण्यासाठी गरुक्स अपरायझिंग आणि एलेमेंटल बाँड ठेवा, मोठं क्रीचर उतरलं की एक कार्ड. रिश्कर्स एक्स्पर्टीज आणि रिटर्न ऑफ द वाइल्डस्पीकर तुमच्या सगळ्यात ताकदवान क्रीचरच्या ताकदीइतकी कार्डं देतात, म्हणजे सहा-आठ कार्डं एकदम. पण टेबल रिकामं असताना ही दोन्ही निरुपयोगी, म्हणून एक हार्मनाइझही असू द्या. सार्खन्स ट्रायंफ तीन मानात डेकमधला हवा तो ड्रॅगन हातात देतं.

रिमूव्हलमध्ये बीस्ट विदिन आणि केऑस वॉर्प, कारण ती कुठल्याही पर्मनंटवर, म्हणजे टेबलावर टिकून राहणाऱ्या कार्डावर, चालतात. स्पिट फ्लेम चार डॅमेज देतं, आणि ड्रॅगन उतरला की एक लाल माना देऊन ग्रेव्हयार्डमधून हातात परत येतं. आर्टिफॅक्ट आणि एन्चांटमेंट (टेबलावर टिकणारी जादू) फोडणारी दोन कार्डं. ब्लास्फेमस ॲक्ट एक, पण ते प्रत्येक क्रीचरला १३ डॅमेज देतं, तुमच्या ड्रॅगनांनाही. तुम्ही मागे पडलेले असाल तेव्हाच वापरायचं.

सहावी पायरी: कार्डं जमवणं

बूस्टर पाकिटं (आत कुठली कार्डं निघतील ते आधी कळत नाही अशी) फोडून डेक बांधायला जाऊ नका. पाकिटं फोडण्यात मजा आहे, डेक मात्र सुट्या कार्डांनीच पुरा होतो. वरची बहुतेक रॅम्प कार्डं पुनःपुन्हा छापली गेलेली आणि स्वस्त. पैसे आधी त्यांवर आणि लँडवर घाला, महाग ड्रॅगन नंतर. स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची कव्हरं) घ्याच, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत फॉइल (चकाकणारी) कार्डं वाकतात, तेव्हा साधीच कार्डं बरी. घरगुती डावात न मिळालेल्या कार्डाच्या जागी छापलेला कागद चालतो का, हे टेबलावर आधी विचारा. अधिकृत स्पर्धेत चालत नाही.

कार्डं विकत घ्यायच्या आधी चाल बघायची असेल तर मॅजिक अरीना ही या खेळाची डिजिटल आवृत्ती फुकट आहे आणि फोनवरही चालते. तिथल्या ब्रॉल या फॉरमॅटमध्ये १०० कार्डांचा, एकेक प्रतीचा डेक लागतो. मात्र सामना एकास एक, सुरुवात २५ लाइफने, आणि २१ डॅमेजचा नियम नाही. त्यामुळे ड्रॅगन तिथे थोडे जास्तच संथ वाटतात.

सातवी पायरी: पहिले डाव

पहिल्या हातात तीन-चार लँड, त्यातली एक तरी हिरवी, आणि एक रॅम्प कार्ड: ठेवा. दोन लँड आणि चार ड्रॅगन: परत पिसा. चार जणांच्या डावात पहिलं मुलिगन, म्हणजे हात बदलून घेणं, फुकट असतं, त्यात लाजायचं काही नाही.

टेबलावर दोन ड्रॅगन हल्ला करत असतील आणि काम होत असेल तर तिसरा हातातच ठेवा. चौघांत एकाकडे तरी बोर्ड वाइप असतोच, आणि त्यानंतर हात रिकामा असलेला ड्रॅगनवाला सगळ्यात केविलवाणा दिसतो. हल्ला करण्याआधी कुणाकडे उडणारे किंवा रीच (उडणाऱ्यांना अडवायची क्षमता) असलेले क्रीचर आहेत ते बघून घ्या. बाकीच्यांना तुमचे ड्रॅगन अडवताच येत नाहीत. अटार्का दोनदा मेली की पुढची किंमत अकरा माना. तेव्हा तिला स्विफ्टफूट बूट्स घालायला माना उरत नसतील तर एक टर्न थांबा.

डाव सुरू होण्यापूर्वी डेक किती तगडा आहे ते बोलून घ्यायची पद्धत आहे. २०२५ पासून त्यासाठी एक ते पाच ब्रॅकेट, म्हणजे ताकदीचे गट, आलेत. वरच्यासारखा डेक दोन-तीनच्या आसपास बसतो.

काही डाव झाल्यावर प्रत्येक डावाच्या शेवटी हातात अडकून पडलेली कार्डं टिपून ठेवा. तीच ती नावं परत दिसायला लागली की ती काढायची. बहुतेकदा ते सात-आठ मानाचे ड्रॅगन असतात, आणि त्यांच्या जागी दोन मानाचं एखादं हिरवं कार्ड येतं.